भट्टीतून वाचलेली बाई

मागच्या वर्षी नातीने मला शहरातलं संग्रहालय दाखवायला नेलं. तिला वाटलं, आजी खूश होईल. मी तिथे एवढी भांडले की रखवालदाराने स्वतःचं स्टूल मला दिलं, वर पाणी पाजलं, आणि नात दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

भांडण झालं ते पाटीवरून. तिथे काचेच्या पेटीत एक बाई आहे. हाडंच आहेत, पण बाई आहे. आमच्या गावच्या शिंपल्यांच्या टेकाडातली. पाच हजार वर्षांपूर्वी ती आमच्याच किनाऱ्यावर राहायची, कालवं खायची, टरफलं दारात टाकायची, आणि मेल्यावर तिच्या माणसांनी तिला त्याच टरफलांच्या ढिगात गुडघे छातीशी घेऊन बसवलं. इथपर्यंत पाटी बरोबर आहे. नात वाचत होती, मी मान डोलवत होते. मग शेवटची ओळ आली. ‘सोसायटीच्या चुनभट्टीवरील कामगारांना सापडली व त्यांनी ती जपून ठेवली.’

जपून ठेवली म्हणे.

तिथली मुलगी गोड होती. म्हणाली, आजी, तक्रार असेल तर लेखी द्या. मला शाळा तीन वर्षांची, त्यातही मिठाचा हंगाम आला की दांडी. माझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेलेली. पण लेखी हवंय ना, घ्या लेखी. त्या ओळीने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. कामगारांनी तिला भट्टीत घातली असती. तिला जपली माझ्या न्हामआत्याने.

न्हामआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं, तिचा जन्म माकडाच्या वर्षाचा, आणि माकडाच्या वर्षाची बाई एका जागी टिकत नाही म्हणतात. ती खरंच टिकायची नाही. बुटकी, रुंद पंजांची, विड्याने ओठ सदा लाल. आवाज असा, की मिठागराच्या या टोकाला ती रागावली की त्या टोकाची माणसं, आपलं काय चुकलं, ते आठवायला लागायची.

तिचा नवरा, दिन्ह आतोबा, अगदी उलटा. उंच, शांत, वरचा पुढचा एक दात नाही. तो दात आत्याने पाडला असं गाव म्हणायचं. खरं म्हणजे लग्नाच्या आदल्या वर्षी होडीचं वल्हं लागून पडला होता. पण आत्याने गावाची समजूत कधी दुरुस्त केली नाही. उपयोगी पडते म्हणायची. दोघं सोसायटीच्या चुनभट्टीवर कामाला होती. तो टेकाड खणायचा, ती कावडीने शिंपले भट्टीपर्यंत वाहायची. मूलबाळ झालं नाही.

टेकाड गावापेक्षा जुनं. वर चढलं की पायाखाली शिंपले कुरकुरायचे. गावाच्या लेखी ते म्हणजे फुकटचा चुना. शेताला चुना, भिंतीला चुना, विड्याला चुना. किती पिढ्यांनी ओरबाडलं तरी संपत नव्हतं. हे कोणी रचलं असेल, असा प्रश्न आम्हाला पडला नाही. समुद्राने रचलं असेल. त्याला दुसरं काम काय!

मग पुन्हा माकडाचं वर्ष आलं. स्वतःच्या प्राण्याचं वर्ष माणसाला जड जातं, म्हणून आत्या जपून वागत होती. भांडणंसुद्धा निम्म्यावर आणली होती. पण अमेरिकेची विमानं काही तिचं जन्मवर्ष विचारून येत नव्हती. त्यांना पूल पाडायचा होता. पूल राहिला, बॉम्ब टेकाडावर पडला. सकाळची वेळ. आत्या भट्टीशी टोपल्या रिकाम्या करत होती, आतोबा टेकाडाच्या पोटात खणत होता. तेव्हा ज्याने त्याने कामाच्या जागी आपल्यापुरता खड्डा करून ठेवलेला असायचा. भोंगा झाला की आत उतरायचं, गुडघे छातीशी, डोकं गुडघ्यांवर, हात पायांभोवती. आतोबा उतरला असणार. वरून टेकाड त्याच्यावर आलं. तीन दिवस आम्ही उकरलं. टायरच्या रबराची एक चप्पल मिळाली, डाव्या पायाची. चौथ्या दिवशी विमानं परत आली आणि उकरणं थांबलं ते थांबलंच.

आमच्याकडे माणसाला दोनदा पुरतात. पहिल्यांदा मातीला देतात. तीन वर्षांनी घरच्यांनी त्याला वर काढायचं, हाडं सुवासिक पाण्याने धुवायची, मातीच्या लहान पेटीत नीट रचायची आणि मग कायमची जागा द्यायची. तोवर तो पितरांत पोचत नाही, वाटेतच असतो. आत्याने सासू, सासरा, आई, बाप, चौघांची हाडं आपल्या हातांनी धुतली होती. अख्ख्या वाडीत तिच्याइतकं नीट कोणी धुवायचं नाही. आणि नवऱ्याचं धुवायला तिच्याकडे होती एक चप्पल.

पंधरा दिवसांत भट्टी पेटली. त्याच टेकाडाचे शिंपले. लढाईचे दिवस होते, बंधाऱ्यांना चुना लागत होता, हे मला कळतं. मला हे कळत नाही, की एकाही माणसाने तिला येऊन विचारलं नाही. लाज म्हणा, भीती म्हणा, आतोबा गेला ती बाजू तेवढी त्यांनी सोडली आणि पलीकडून खणायला लागले. तेवढ्यावर त्यांचं मन साफ झालं.

आत्याने भट्टी सोडली, मिठागर धरलं. आणि गावचा चुना तोंडाला लावणं बंद केलं. विडा काही सुटण्यातला नव्हता. मग महिन्यातून एकदा ती डोंगराकडच्या गावी चालत जायची आणि दगडाचा चुना डबी भरून आणायची. जाऊन-येऊन अख्खा दिवस. बायका हसायच्या. मीही एकदा हसले होते, ते अजून सलतं. भट्टीचा मुकादम त्राक, नात्याने आतोबाचा चुलतभाऊ, त्याने तर भर बाजारात विचारलं,

“का हो वहिनी, आमच्या चुन्याने तोंड भाजतं का तुमचं?”

“तोंड नाही भाजत, भावजी,” आत्या म्हणाली. “नवरा भाजतो.”

त्राकने हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी भट्टी नेहमीसारखी पेटली.

अशी नऊ वर्षं गेली. लढाई संपली, विमानं बंद झाली. सापाचं वर्ष लागलं. पलीकडची बाजू खणून खणून ते सोडलेल्या बाजूच्या जवळ आले होते. मी तेव्हा भट्टीवर कावड वाहत होते. हो, मीही वाहत होते, लपवून काय करू. एके दुपारी शिंपल्यांची भिंत घसरली आणि आत माणूस दिसला. हाडांचा. गुडघे छातीशी, डोकं गुडघ्यांवर, हात पायांभोवती.

कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही. आमच्या गावात चार वर्षांच्या पोराला ती बैठक ठाऊक होती. आम्ही सगळ्यांनी तसंच बसून विमानं जायची वाट पाहिली होती. मी कावड टाकली आणि मिठागराकडे धावले.

आम्ही दोघी परतलो तेव्हा त्राक फावडं घेऊन उभा होता. म्हणाला, ही जुनी हाडं आहेत, दिन्हदादा नाही, उगाच जिवाला लावून घेऊ नका. आत्याने त्याच्या हातून फावडं काढून घेतलं आणि भट्टीच्या खड्ड्यात टाकलं. मग ती त्या खाचेत शिरली, उकिडवी बसली आणि हाडांशी अशी बोलली, जशी माझ्या आठवणीत ती कोणाशीच बोलली नव्हती.

“किती वेळ बसून राहिलात हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, हाडांना ऊन लागू नये म्हणून चटयांचा आडोसा बांधून, आम्ही धुवायला बसलो. मी सुवासिक लाकडाचं उकळलेलं पाणी ओतत होते, आत्या तांदळाच्या दारूत भिजवलेल्या फडक्याने पुसत होती. पायांपासून सुरुवात, डोकं शेवटी. शेजारी ती चप्पल ठेवली होती, पेटीत घालायला. आत्याने डोकं दोन्ही हातांत घेतलं, तोंडातली माती अंगठ्याने काढली आणि थांबली.

दात सगळे होते. झिजून सपाट झालेले, पण सगळे. वरचे, पुढचे, एकही कमी नाही.

मी पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं. तिने चप्पल उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ही घरी खुंटीला परत लाव.

“आत्या, हे आतोबा नाहीत.”

“डोळे आहेत मला. मग काय करू, परत त्राकला देऊ?”

तिने ते डोकं पुसून लाल कापडात गुंडाळलं, जसं आजीचं गुंडाळलं होतं तसंच, आणि पेटीत ठेवलं. पेटी गावच्या दफनभूमीत दिन्ह आतोबाच्या नावाने गेली. चिकट भात झाला, कोंबडी झाली, खारवलेली वांगी झाली, आणि त्राकने तीनदा वाढून घेतलं.

आणि इथे आत्याची चूक झाली. तिने एका अनोळखी माणसाला भट्टीतून ओढून काढलं, पण त्यासाठी तिला म्हणावं लागलं की हाच माझा नवरा. गावाने सुटकेचा श्वास टाकला. दिन्ह सापडला, घरी पोचला. आता ती सोडलेली बाजू सोडायचं कारणच उरलं नाही. जेवणानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्राकने सगळी फावडी तिकडे वळवली. खरा आतोबा असलाच तर तिथेच होता. खरं सांगावं, तर पेटीतला माणूस पुन्हा भट्टीत. गप्प बसावं, तर नवरा भट्टीत. ती रोज मिठागरावरून येताना टेकाडाच्या खाचेपाशी थांबायची, आज किती आत गेले ते बघायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. चार महिने. मी म्हटलं, सोसायटीच्या चेअरमनकडे जाऊ या. म्हणाली, काय सांगू, की खोट्या माणसाचं जेवण घातलं?

मग सायकल ढकलत उयेनबाई आल्या. जुन्या काळाचा अभ्यास करणाऱ्या, शहरातल्या. काडीसारख्या, विजारीचे दोन्ही पाय चिखलाने भरलेले. बसलेल्या हाडांची गोष्ट त्यांना शाळेच्या मास्तरांकडून कळली होती. चेअरमनकडे न जाता त्या आधी आत्याकडे आल्या, हे मी त्यांच्या बाजूने कायम लक्षात ठेवते. दोन वाट्या हिरव्या पानांचा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी चाचरत सांगितलं की टेकाड समुद्राने नाही, माणसांनी रचलेलं आहे, पाच हजार वर्षांपूर्वीच्या, आणि ती माणसं आपल्या मेलेल्यांना त्यात अशीच बसवून ठेवायची. तुमच्या पेटीतलं माणूस कदाचित त्यांच्यातलं असेल, ताई, मला क्षमा करा.

आत्याने पेटी उकरू दिली. उयेनबाईंनी कमरेचं हाड बघितलं आणि म्हणाल्या, बाई आहे.

आत्याने विचारलं, “हिच्यासारखी आणखी असतील तिथे?”

“असतील,” उयेनबाई म्हणाल्या. “उरली असतील तर.”

तिसऱ्या दिवशी चेअरमनने खळ्यावर सभा बोलावली. मागे सोसायटीची भिंत, त्याच वर्षी चुना दिलेली, डोळ्यांना लागावी इतकी पांढरी. चेअरमन म्हणाला, हाडं देशाची ठेव आहेत, न्हामताईंनी ती अभ्यासकांच्या हवाली करावीत आणि गावाला मान मिळवून द्यावा. भट्टीचं काय, असं उयेनबाईंनी विचारलं, तर म्हणाला, भट्टीचा आणि याचा काय संबंध, वरून चुन्याचा आकडा ठरून आलाय. मग उयेनबाईंनी त्राकला साधा प्रश्न केला. याआधी अशी हाडं निघाली होती का?

त्राकला वाटलं, आपली विचारपूस होतेय. तो उभा राहिला.

“वर्षाला तीन-चार निघतात की. त्यात काय एवढं. हाडाचाही चुनाच होतो, बाई. उलट जास्त पांढरा होतो.”

खळ्यावर दीडशे माणसं असतील. त्राक अजून उभाच होता, आपण काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं. आत्या उठली. तिच्याजवळच्या दोघी सरकल्या, ती आता त्याला मारणार म्हणून. तिने मारलं नाही. आवाजही चढवला नाही.

“माकडाच्या वर्षापासून किती निघाली, भावजी?”

“मोजली नाहीत, वहिनी.”

“वरचा पुढचा दात नसलेलं डोकं होतं का एखादं?”

आता त्याला कळलं. आता सगळ्यांनाच कळलं, की पेटीत दिन्ह नाही हे तिला आधीपासून माहीत होतं, आणि ती त्याला कुठे शोधतेय. त्राक खाली बसला.

“डोकी बघत नव्हतो आम्ही,” तो म्हणाला. “फावड्याने टाकत होतो.”

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे जबडे थांबले. सगळ्यांच्या तोंडात विडा होता आणि विड्यात चुना होता. पहिल्यांदा माझ्या चुलत आजीने तोंडातला विडा तळहातावर काढला. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी. थुंकायला कोणी धजेना. कोणाला थुंकायचं? त्या लाल ओले हात पुढे धरून बसून राहिल्या. भिंतीला टेकून उभी असलेली माणसं एकेक करून भिंतीपासून दूर झाली.

चेअरमन म्हणाला, सभा संपली. आत्या म्हणाली, माझं बोलणं राहिलंय. ही बाई मी देते. ही माझी नव्हे, हिचं कोणी उरलं नाही म्हणून मी सांभाळली. पण आज भट्टी विझव. नाही विझवलीस तर हिला मी परत नेऊन तिच्या जागी बसवते आणि शेजारी मी बसते, मग खणा.

चेअरमन हसला. आकडा वरून ठरून आलाय, पुन्हा तेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणणारे आले तेव्हा आत्या टेकाडाच्या खाचेत बसलेली होती. गुडघे छातीशी, हात पायांभोवती. शेजारी मातीची पेटी. दुपारी माझी चुलत आजी येऊन बसली. संध्याकाळपर्यंत अकरा जणी झाल्या, सगळ्या तशाच. खणणारे म्हणजे त्यांचेच मुलगे, पुतणे, जावई. एकाचंही फावडं उचललं गेलं नाही. त्राक लांब उभा राहून बिड्या ओढत होता. चौथ्या दिवशी तो आला आणि आत्यासमोर पाण्याची कळशी ठेवून गेला. तिने ती लवंडून दिली. लोक म्हणाले, एवढं कठोर होऊ नये. मी म्हणते, का होऊ नये?

उयेनबाई शहरात गेल्या आणि अकराव्या दिवशी शिक्क्याचा कागद घेऊन आल्या. टेकाडाला हात लावायचा नाही. भट्टी विझली. तोवर टेकाडाचा तिसरा हिस्सा राहिला होता. दोन हिस्से आमच्या भिंतींवर, शेतांत आणि पोटांत.

आत्याने पेटी सायकलवर स्वतः बांधून दिली. एवढंच म्हणाली, हिला आडवी करू नका. बसायची सवय आहे तिला.

संग्रहालयात तिला कुशीवर निजवली आहे. आत्याची मातीची पेटी कुठे आहे, कोणालाच माहीत नाही. उयेनबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं, पण त्या वारल्या.

आत्या सत्त्याहत्तराव्या वर्षी गेली. शेवटपर्यंत डोंगराचाच चुना. दर वसंतात, कबरी साफ करायच्या सणाला, ती आतोबाच्या रिकाम्या कबरीवर एक उदबत्ती लावायची आणि उरलेला जुडगा टेकाडावर. कोणकोण आहे कोणास ठाऊक, म्हणायची, सगळ्यांना पुरू दे. तीन वर्षांनी मी तिची हाडं धुतली. तिच्याइतकी नीट नाही जमली, तिने नावं ठेवली असती. पेटी बंद करायच्या आधी खुंटीवरची चप्पल आत ठेवली आणि पेटी आतोबाच्या कबरीत नेली. आतोबा उरलेल्या टेकाडात आहे, की सोसायटीच्या भिंतीवर आहे, ते मला माहीत नाही. भिंत अजून उभी आहे. मी तिला टेकत नाही.

तर, संग्रहालयवाले, हे माझं लेखी. पेटी शोधा. बाईला उठवून बसवा. आणि पाटीवर लिहा, हिला न्हामने काढली, न्हामने धुतली. जागा कमी पडत असेल तर सोसायटी खोडा.